व्हिसा लागत नाही, बाकी सगळं लागतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर एक लेख आला होता. व्हिसाशिवाय जाऊन राहता येतं, नोकरी करता येते, खिडकीतून नॉर्दर्न लाइट्स दिसतात, लोक कुत्र्यांच्या गाडीतून कामाला जातात, असा सगळा. मी तिथेच राहते, लाँगयिअरब्येन नावाच्या गावात, आणि सध्या सुट्टीवर इंदूरला आलेय. लेख बाबांनी कापून ठेवला होता, तो आल्या आल्या वाचला. तेव्हा पत्रबित्र लिहायचं काही डोक्यात नव्हतं, म्हटलं लोक वाचतात आणि विसरतात. पण लोक विसरले नाहीत ना! आमच्या लोकमान्य नगरात मला "ती बर्फातली" म्हणूनच ओळखतात, त्यामुळे बाबांच्या फोनवर रोज कोणी ना कोणी, अमक्याचा भाचा, तमकीचा दीर, आमच्या बंटीचं बी.कॉम. झालंय, व्हिसा लागत नाही ना, मग कधी पाठवू. परवा तर एक मुलगा घरीच आला, राजीनामा मोबाईलमध्ये टाइप करून तयार, फक्त सेंड करायचा बाकी. त्याला पोहे खाऊ घातले, चहा पाजला आणि बसवून सगळं समजावलं. आता प्रत्येकाला असं बसवून सांगणं जमायचं नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापलंत तरी चालेल, पण व्हिसाचा भाग तेवढा कापू नका.

तर व्हिसा. लेखात होतं ते खोटं नाही, अर्धं आहे. 1920 साली पॅरिसमध्ये करार झाला, 1925 पासून लागू आहे, त्याने बेटं नॉर्वेच्या ताब्यात आली पण करारातल्या देशांच्या लोकांचा तिथे राहायचा, कामधंदा करायचा हक्क कायम राहिला. तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थान त्यात होता, म्हणून आपणही आहोत. आता तर कुठल्या देशाचा पासपोर्ट हे न बघता नॉर्वे सगळ्यांनाच येऊ देतं. इथपर्यंत झकास. पण तिथे जाणारं नेहमीचं विमान सुटतं ऑस्लोहून नाहीतर ट्रॉम्सोहून, आणि ही दोन्ही गावं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतात, स्वालबार्ड येत नाही. म्हणजे आपल्याला शेंगेनचा व्हिसा काढावाच लागतो आणि तोही डबल एन्ट्रीचा, कारण ऑस्लोहून वर उडालात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, सिंगल एन्ट्री असेल तर ती तिथे संपली, मग परत यायचं कसं? घरी आलेल्या त्या मुलाने एजंटला पैसे भरले होते आणि एजंटने त्याला सिंगल एन्ट्रीच सांगितली होती. एजंटचं नाव मी लिहित नाही, पण असे अजून असतील.

दुसरं म्हणजे, तिथे पोहोचलात तरी तुम्हाला कोणी सांभाळत नाही. नॉर्वे म्हटलं की आपल्याकडे वाटतं सरकार सगळं देतं, बेकारभत्ता देतं, म्हातारपणी बघतं. ते मेनलँडवर, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर. स्वालबार्डला तसली मदत नाही, ज्याला स्वतःचा खर्च झेपत नाही त्याला गव्हर्नरचं ऑफिस परत पाठवू शकतं. इन्कम टॅक्स कमी आहे तो त्याचसाठी. वर्षानुवर्षं राहिलात तरी ती वर्षं नॉर्वेच्या नागरिकत्वासाठी धरत नाहीत, आणि 2022 पासून नियम असा की मेनलँडवर तीन वर्षं काढलेली नसतील तर परदेशी माणसाला गावच्या निवडणुकीत मतसुद्धा देता येत नाही. मला हे चांगलं वाटत नाही, गाव चालतं ते निम्मं आमच्यासारख्यांच्या जिवावर, पण आहे ते आहे.

घराचं तर विचारूच नका. गाव अडीच हजारांचं, पन्नासच्या वर देशांचे लोक, आणि घरं बहुतेक करून कंपन्यांची. नोकरी मिळाली तर खोली मिळते, नोकरी गेली की खोली गेली. डिसेंबर 2015 मध्ये डोंगरावरून बर्फाचा कडा सुटून घरांवर आला, दोन जण गेले, त्यानंतर त्या डोंगराखालची बरीच घरं धोक्याची म्हणून काढली, त्याने जागा अजूनच कमी झाली. इंदूरसारखं नाही की विजय नगरमध्ये ब्रोकरला फोन केला आणि संध्याकाळी चार फ्लॅट बघून आलो.

आणि एक, लेखात होतं की तिथे मरायला कायद्याने बंदी आहे. हे सगळ्या जगात फिरतं, तुम्हीही छापलंत. असा काही कायदा नाही हो. जमीन बारा महिने गोठलेली असते, पुरलेलं वर येतं, म्हणून पेटीत पुरणं फार पूर्वीच थांबवलं, अस्थिकलश ठेवायला परवानगी मिळते. हॉस्पिटल लहान आहे, बाळंतपणाला बायका आधीच मेनलँडला जातात, म्हाताऱ्यांची देखभाल करायची सोय नाही. एवढंच. लेखातल्या फोटोत रेनडिअर गाडी ओढताना दाखवलाय, तो फोटोही तिथला नाही, स्वालबार्डचे रेनडिअर बुटके, आखूड पायांचे, कोणाचेच पाळलेले नाहीत, गावात येऊन रस्त्याकडेला चरतात आणि गाडीबिडी काही ओढत नाहीत. आणि कामाला कोणी कुत्र्यांच्या गाडीतून जात नाही, कारने जातात, स्नोस्कूटरने जातात, मी चालत जाते.

आता म्हणाल, एवढं सगळं आहे तर तू का गेलीस? विचारतातच सगळे. आत्या तर दर फोनला विचारते, "अगं पण का?" हॉटेल मॅनेजमेंट केलं, गोव्याला आणि पुण्याला हॉटेलांत राबले, मग एका ओळखीच्या शेफने सांगितलं की वर माणसं लागतात, अर्ज केला, मिळाली. लग्न मोडलं म्हणून गेली, कोणावर रुसून गेली, असं कॉलनीत बरंच काही फिरलं, तसं काही नव्हतं. जायचं होतं, गेले. एकटीने जायचं म्हटल्यावर आईने आठ दिवस बोलणं टाकलं आणि नवव्या दिवशी जिरावन मसाल्याच्या पुड्या, शेव आणि मेतकूट भरायला घेतलं. ती जिरावन आता आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये स्टाफच्या उकडलेल्या बटाट्यावर पडते, थायलंडची एक पोरगी तर नुसती तळहातावर घेऊन चाटते.

अंधाराबद्दल सांगते कारण थंडीबद्दल सगळेच विचारतात आणि अंधाराबद्दल कोणी नाही. थंडी कपड्यांनी निभते. गरम समुद्रप्रवाह पश्चिम किनाऱ्याला लागून जातो म्हणून एवढ्या वर, 78 अंश उत्तर अक्षांशावर असूनही हिवाळा उणे दहा ते वीसच्या आसपास, वारा सुटला की मात्र हाडं काढतो. आत लोकरीचे कपडे, सुती अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग गारठून मरता, हे पहिल्या आठवड्यात कळतं. अंधाराला कपडे नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य बुडतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि मधले नोव्हेंबर ते जानेवारी तर दुपारी बारालाही काळोख. फेब्रुवारीत वर आला तरी गाव डोंगरांच्या कुशीत, म्हणून ऊन गावात पडतं 8 मार्चच्या सुमारास. त्या दिवशी सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी जमतं, पोरं तोंडं पिवळी रंगवून येतात, ओरडतात, सूर्याला हाका मारतात. आता गंमत बघा, आपली रथसप्तमी येते जानेवारी-फेब्रुवारीत. आईने फोनवर सांगितलं, सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालव. कुठला सूर्य आई? तरी घातलं मी, स्टाफच्या किचनमध्ये हॉटप्लेटवर, साधारण दक्षिणेकडे तोंड करून, आणि दूध जळालं त्याच्या धुराने फायर अलार्म वाजला आणि सगळा मजला पायजम्यात बाहेर. मॅनेजरला कारण समजावून सांगताना माझी जी काय तारांबळ उडाली! त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला पुढच्या वर्षी मला आधी सांग, मी पण येतो. आला खरंच.

दिवाळीचा आकाशकंदील मात्र कोणाला वेगळा वाटत नाही, कारण डिसेंबरात नॉर्वेचे लोक घराघरात खिडकीला कागदाची तारा-चांदणी लावतात, आत दिवा. माझा कंदील दिवाळीला लागतो तो तसाच नाताळ होऊन जानेवारीपर्यंत राहतो. जोडे-चपला तर हॉटेलात, म्युझियममध्ये, सगळीकडे दाराशी काढायच्या, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची पद्धत आहे, खाणकामगाराच्या बुटांना काळं लागलेलं असायचं. बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं. त्याहून जास्त बरं वाटलं ते तिथे दारूला रेशनकार्ड असतं हे ऐकून, बिअर आणि कडक दारूचा महिन्याचा कोटा, वाइनला तसा नाही, कारण वाइन साहेब लोक प्यायचे आणि बाकीची कामगार. साहेब तिथेही साहेबच.

एकटं वाटतं का, तर वाटतं. पण अंधारामुळे नाही, माणसं जातात म्हणून. तिथे कायमचं कोणी नसतं, दोन-चार वर्षं राहून बहुतेक निघतात, ज्याच्याशी जमलं त्याला एअरपोर्टला सोडून यायचं, मग परत नवीन. पहिल्या हिवाळ्यात मी शिफ्ट झाली की खोलीत येऊन इंदूरच्या बातम्या बघत बसायचे, राजवाड्याला ट्रॅफिक जाम वगैरे, इतकी वाईट अवस्था. त्यातून बाहेर काढलं ते कुत्र्यांनी, आणि या कुत्र्यांबद्दलच लेखात दोन ओळी होत्या म्हणून मला जास्त लागलं.

आमच्या किचनमधल्या एका नॉर्वेजियन कुकची स्वतःची कुत्री आहेत, अलास्कन हस्की आणि काही ग्रीनलँडची. त्याचा हात मोडला, खायला घालायला माणूस पाहिजे होता, मी हो म्हटलं कारण खोलीत बसून वेड लागायची पाळी आली होती. मला कुत्र्यांचं काही वेड नव्हतं, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना घाबरतच मोठी झाले. आणि आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्हवर शिजायचं, इथे गेल्या गेल्या हातात कुऱ्हाड, समोर गोठलेल्या सीलच्या मांसाचा ठोकळा. तोडा. तोडला. कुत्र्यांना नुसतं पाणी दिलं तर थंडीत पीत नाहीत, म्हणून कोमट पाण्यात मांस-चरबी घालून पातळ रस्सा करून देतात, पाणी असं पोटात जातं. मग शी उचलायची, ती दगडासारखी गोठलेली, फावड्यावर टणटण वाजते. स्वच्छतेत नंबर वन असलेल्या शहरातून आलेय म्हटल्यावर हे काम माझ्याकडेच लागलं, मीच फुशारकी मारली होती.

कुत्र्यांचा वाडा गावाबाहेर, दरीच्या तोंडाशी. प्रत्येकाची लाकडी पेटी, पायांवर उचललेली, आत नाही बसत बहुतेक, छपरावर बसतात, बर्फ पडला तरी नाक शेपटीखाली घालून गोल होऊन झोपतात. लेखात होतं सायबेरियन हस्की, निळ्या डोळ्यांचे, गुबगुबीत. कामाची कुत्री तशी नसतातच फारशी. अलास्कन हस्की ही काही शुद्ध जात नाही, पळायच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं मिश्रण, सडसडीत, लांब पायांचं, कुठलंही दोन सारखं दिसत नाही. आपल्या गल्लीत आणून उभं केलं तर कोणी ढुंकून बघणार नाही. ग्रीनलँडचं मात्र दणकट, जाड केसांचं, ओझं ओढणारं, आणि भांडखोर. यांच्या पायाला थंडी बाधत नाही, पंज्यात गरम आणि गार रक्ताच्या नळ्या शेजारी शेजारी असतात, एकीची ऊब दुसरीला मिळते, त्यामुळे तळवा गोठत नाही आणि अंगातली ऊबही वाया जात नाही. यांना त्रास होतो तो गरमीचा. इंदूरच्या मे महिन्यात बंगल्यात एसी लावून हस्की पाळणारे लोक बघितले की माझा जीव जातो.

गाडी जुंपायची वेळ आली की जे काही होतं ते लिहून सांगता येणार नाही, पण इंदूरवाल्यांना एवढं म्हटलं तरी कळेल, रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, राजवाड्याला पोहोचते तेव्हाचा गोंगाट. हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा जुंपणीचा पट्टा, हातात दिसला की सगळा वाडा उठतो. मला घ्या, मला घ्या. चाळीस-पन्नास कुत्री एकदम उड्या मारतायत, साखळ्या खणखणतायत, एखादं पेटीवरून हवेत. एकेकाला आपल्या दोन पायांत धरायचं, मान हार्नेसमधून काढायची, एक पाय, दुसरा पाय, मग पुढचे दोन पाय उचलून मागच्या दोघांवर चालवत दोराशी न्यायचं, चारही पायांवर आणलंत तर तेच तुम्हाला ओढत नेतं. कडी लावायला हातमोजा काढावा लागतो, तेवढ्यात पितळेची कडी बोटाला चिकटते. सगळ्यात पुढे लीडर, हुकूम समजणारी, आमची टुला नावाची कुत्री, अंगाने सगळ्यात बारकी. गाडीला लागून सगळ्यात दणकट जोडी, तिथे बामसे, अख्खा पस्तीस-चाळीस किलोचा गडी. गाडी खांबाला दोराने बांधलेली, लोखंडी आकडा बर्फात रुतवलेला, तरी ती इंच-इंच सरकत असते. मग दोर सोडायचा.

आणि आवाज बंद. एकदम. एक कुत्रं भुंकत नाही. पळायला लागलं की यांना भुंकायचं काही उरत नाही, नुसत्या गाडीखालच्या पट्ट्या बर्फावर घासल्याचा सुर्रर्र आवाज आणि धापा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला नियम, काही झालं तरी गाडी सोडायची नाही. पडलात तर पडल्या पडल्या धरून ठेवा, पोटावर फरफटत जा, पण सोडू नका, कारण कुत्री थांबत नसतात, ती जातात निघून आणि तुम्ही दरीत पायी, आणि तो अस्वलांचा मुलूख आहे. गावाची हद्द सोडली की अस्वल पळवायला फ्लेअर पिस्तूल वगैरे जवळ पाहिजेच, बंदूकही बरेच जण बाळगतात, आमच्याबरोबर कोणी तरी लायसनवालं असतंच. पांढऱ्या अस्वलाला 1973 पासून संरक्षण आहे, मारलंत तर पोलीस चौकशी होते, आता तर तीनशे मीटरच्या आत जायचंच नाही असा नियम आणि मार्च ते जून पाचशे मीटर. तेव्हा सेल्फीवाल्यांनी लक्षात घ्यावं.

दुसरा नियम, ब्रेक. उतारावर पाय ब्रेकवर, गाडी कुत्र्यांच्या मागच्या पायांवर गेली नाही पाहिजे, दोर कायम ताणलेला पाहिजे. चढावर मात्र उतरून ढकलायचं, निदान एका पायाने रेटायचं. मी एकदा दमून नुसती उभी राहिले तर बामसेने मागे वळून असं बघितलं माझ्याकडे, आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. उतरले आणि ढकललं. आम्ही बोल्टरदालेन नावाच्या दरीतून वर जातो, शेवटाला हिमनदी, तिच्या पोटात वितळलेल्या पाण्याने कोरलेली गुहा असते, तिथे थांबून कुत्र्यांना खाऊ, आपल्याला थर्मासचा चहा. चहात आलं माझं, इंदूरहून सुकवून नेलेलं. मार्चमध्ये ऊन आल्यावर तिथलं बर्फ गुलाबी-निळं होतं, पण मला खरं आवडतं ते डिसेंबरात, कपाळाच्या टॉर्चच्या उजेडात समोर फक्त कुत्र्यांच्या पाठी आणि त्यांच्या तोंडाची वाफ, बाकी काही नाही, आणि हो, पळता पळताच शी करतात तो वास थेट तुमच्या नाकात येतो, हे फोटोत कळत नाही.

त्या लेखावर नंतर एका वाचकाचं पत्र तुम्ही छापलं होतं, मुक्या जनावरांना बर्फात जुंपतात, ही क्रूरता आहे, अशा सहलींवर बहिष्कार घाला. त्या काकांचा मला राग नाही आला. कुत्र्यांचा हा इतिहास गोडगोड नाहीच आहे. नॉर्वेचा अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो ग्रीनलँडच्या कुत्र्यांच्या जोरावर, निघताना बावन्न होती, परतली अकरा, मधली बरीचशी ठरवून मारली, माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ली. हिशेबच तसा बांधला होता. आणि आजही धंदा आहे तिथे वाईट लोक असणारच. पण ओढायला लावतात ही क्रूरता हे मला पटत नाही, जुंपायला ज्याला नेलं नाही ते कुत्रं नंतर तासभर रडतं हे मी रोज बघते. प्रश्न विचारायचेच असतील तर वेगळे विचारा. पळत नाही त्या दिवशी साखळीवर किती वेळ असतं? उन्हाळ्यात बर्फ नसतो तेव्हा काय करतात? चांगल्या ठिकाणी चाकाच्या गाडीला जुंपून फिरवतात, थंड दिवस बघून. म्हातारं झालं, नऊ-दहा वर्षांचं, पळवत नाही, मग कुठे जातं? आमच्या कुकच्या घरात दोन रिटायर्ड सोफ्यावर झोपलेली असतात. पंज्यांना काय? आता तिकडे हिवाळ्यात मधूनच पाऊस पडतो, पूर्वी एवढा नसायचा, बेटं बाकीच्या जगाच्या कितीतरी पट वेगाने तापतायत, आणि पाऊस पडून गोठला की बर्फाची काच होते, पंजे कापतात, त्या दिवशी कापडी बूट घालायचे नाहीतर सरळ न्यायचंच नाही. टुरिस्टने पैसे भरलेत म्हणून नेणारा आणि नाही म्हणणारा, यात फरक आहे, तो बघून पैसे द्या.

त्यांच्या पत्रात आपल्या भटक्या कुत्र्यांचाही उल्लेख होता म्हणून सांगते, स्वालबार्डला कोल्ह्यांमध्ये रेबीज आहे, आणि तिथे प्रत्येक कुत्र्याला लस असते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. क्रूरतेवर बोलायचं तर मला आधी लोकमान्य नगरच्या चौकातल्या त्या लंगड्या काळ्या कुत्रीवर बोलायचंय, पण ते वेगळं पत्र होईल. आणि एक छान गोष्ट, जूनमध्ये आमच्या रस्त्यावरच्या एका वाड्याच्या कडेला आयडर बदकं शेकड्याने अंडी घालायला येतात, मुद्दाम कुत्र्यांच्या शेजारी, कारण कुत्री बांधलेली असतात आणि त्यांच्या भुंकण्याला कोल्हे भितात. जमिनीवर, तुमच्या बुटापासून दोन हातांवर बसलेली असते, हलत नाही.

तर ज्यांना यायचंय त्यांनी या, मी नाही म्हणत नाही, उलट आमच्या इकडची पोरं आली तर मला रथसप्तमीला माणसं मिळतील. पण आधी नोकरीचं पत्र हातात घ्या, त्यात राहायची खोली आहे का ते वाचा, मग डबल एन्ट्रीचा व्हिसा, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बाजूला. बी.कॉम. चालेल, पण काम मिळेल ते किचनचं, हाउसकीपिंगचं, दुकानात सामान लावायचं, पगार चांगला आहे आणि ढोबळी मिरचीचा भाव बघून तो चांगला वाटेनासा होतो. शास्त्र शिकलेल्यांना अजून एक वाट आहे, वर न्यू-ओलेसुंद या ठिकाणी भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून आहे, ते गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतर्फे चालतं, तिकडे अर्ज करा, एजंटला कशाला पैसे देता. आणि कुत्र्यांच्या गाडीत नुसतं बसायचं असेल तर टुरिस्ट म्हणून आठवड्यासाठी या, चालवायची असेल तर आधी फावडं घ्यायची तयारी ठेवा.

जाता जाता, सुदामा नगरच्या ज्या मावशींनी फोन केला होता त्यांच्यासाठी, कारण फोन मधेच कट झाला. मावशी, तुमच्या मुलीला नक्की पाठवा, पण तिची मनी नाही नेता येणार, पक्ष्यांसाठी म्हणून स्वालबार्डवर मांजरींना बंदी आहे.

आपल्या पेपरची जुनी वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर